प्रकाशतंतूची तार आणि गावातील खोदाई

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे हे कार्य असून त्यांपैकी एक लाखाचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पार पडला. तथापि तार गावात पोहोचणे आणि ती चालू राहणे या भिन्न गोष्टी होत, हे पाटाच्या शेपटाकडील बागाईतदारास निराळे सांगावयास नको.

प्रकाशतंतू म्हणजे केसाएवढा बारीक काचेचा धागा. त्यातून विजेऐवजी प्रकाशाच्या द्वारे संदेश जातो. तालुक्याच्या यंत्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत वाटेत कोठेही वीज लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण आहे. परंतु पहिल्या टप्प्यात तार बहुतेक ठिकाणी एकाच मार्गाने पुढे नेलेली असल्याने ती मध्ये तुटली की पलीकडील सर्व गावे एकदम बंद पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच तारेचे कडे पूर्ण करण्याची रचना स्वीकारली आहे. कडे एका बाजूस तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश येतो.

तार तुटण्याची कारणे पुष्कळदा गावातलीच असतात. रस्त्याचे रुंदीकरण, नळपाणी योजनेची चारी, विहिरीवरून शेतात नेलेली जलवाहिनी. जेसीबीचा एक घास पुरेसा होतो. काचतंतूला गाठ मारता येत नाही. दोन्ही टोके साफ करून खास यंत्राने वितळवून सांधावी लागतात व तो कारागीर बाहेरून यावा लागतो. तेवढ्यात सेवा केंद्रातील पीकविम्याच्या अर्जाची मुदत टळली, तर तोटा शेतकऱ्याचाच. ई-पीक पाहणीची छायाचित्रे भ्रमणध्वनीत साठवून मागाहून पाठविता येतात, ही सोय पुष्कळांस ठाऊक नसते.

दुसरी अडचण साधी, पण चीड आणणारी आहे. ग्रामपंचायतीतील यंत्र कुलपात, बॅटरी उतरलेली आणि वीज गेलेली, असे असता तार शाबूत असूनही उपयोग शून्य!

भूमिगत तारांच्या मालकांस खोदाईपूर्वी सूचना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी तारेचा मार्ग गावनकाशावर आखून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, आणि चारी खोदणाऱ्या यंत्रचालकास काम सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवावा.