पहिले एक मिनिट

समुद्राची लाट पुढे सरकते, पाणी मात्र जागच्या जागी वर-खाली होते, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून तर किनाऱ्यापासून दूर पडलेला नारळ लाटांवर बराच वेळ तिथेच डुलत राहतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, हा धडा उलटा होतो. तिथे लाट एका जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून धावत सुटते. जागेचे नाव आहे स्कूकमचक नॅरोज. 'स्कूकमचक' हा तिथल्या जुन्या व्यापारी बोलीतला शब्द. अर्थ सरळ आहे : जोरकस पाणी.

सेशेल्ट नावाची लांबलचक खाडी इथे एका अरुंद घशातून समुद्राला जोडलेली आहे. भरती आली की बाहेरची पातळी वाढते. आतली खाडी तितक्या वेगाने भरत नाही. दोन्ही बाजूंच्या पातळीत कधी कधी दोन मीटरहून अधिक फरक पडतो आणि मग समुद्र नदीसारखा उतारावरून वाहू लागतो. मोठ्या भरतीला या प्रवाहाचा वेग १६ नॉट, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या घरात जातो. सराईत माणूस वल्हे मारून कयाक नेतो ताशी सहा-सात किलोमीटरने! तेव्हा प्रवाहाविरुद्ध जोर लावण्याचा प्रश्नच येत नाही. हे वेगवान पाणी तळाच्या खडकांवरून घसरत पुढच्या संथ पाण्यावर आदळते आणि वर उसळते. तीच ती उभी लाट. कयाकवाला प्रवाहाकडे तोंड करून तिच्या उतारावर बसतो. पाणी त्याला मागे ढकलते, उतार त्याला पुढे खेचतो. दोन्ही जोर जुळले की तो घोड्यावर बसल्यासारखा एकाच जागी राहतो, आणि खालून समुद्र धावत असतो.

असे पाणी जगात इतरत्रही आहे. वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या टोकाला पेन्रिन मौर येथे, स्कॉटलंडमध्ये कॉनेलच्या पुलाखाली, नॉर्वेत बोडोजवळ. स्कॉटलंडच्याच जुरा बेटाजवळचा कॉरीव्रेकनचा भोवरा प्रसिद्ध आहे. १९४७च्या ऑगस्टमध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल आपल्या तीन वर्षांच्या मुलाला आणि भाचरांना घेऊन मोटारबोटीतून तिथे सापडला. भरती-ओहोटीचे कोष्टक त्याने चुकीचे वाचले होते. इंजिन तुटून पाण्यात गेले, बोट उलटली, सगळे एका खडकाळ बेटावर कसेबसे चढले आणि शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांनी त्यांना सोडवले. तेव्हा तो 'नाइन्टीन एटीफोर' लिहीत होता.

आपल्या कोकणातल्या कोळ्यांना यातले गणित नवे नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे ते तिथीवरूनच सांगतात. उधाणाला खाडीच्या तोंडाशी पाणी कसे ओढते हेही त्यांना ठाऊक असते. फरक आहे तो पाण्याच्या तापमानाचा, आणि डॉक्टर म्हणून मला बोलायचे आहे ते त्याबद्दलच.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या तपासणीला येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी वेल्सला कयाकिंगला जाते. तिचा व्हिडिओ दाखवून ते म्हणाले, "डॉक्टर, लाटा बघून छातीत धस्स होतं. पण तिला पोहता येतं हो, लहानपणी मालवणला शिकलीय." व्हिडिओतल्या लाटा मोठ्याच होत्या. मी मात्र तिने अंगात काय घातले आहे तेच बघत होतो.

मालवणचे पाणी वर्षातला बहुतेक काळ २६ ते ३० अंशांच्या आसपास असते. अँगलसीचा समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सात-आठ अंशांवर येतो आणि ऐन उन्हाळ्यातही सोळाच्या पुढे फारसा जात नाही. मे महिन्यातल्या एखाद्या छान उन्हाच्या दिवशी हवा २० अंश आणि पाणी १० अंश, अशी स्थिती तिथे नेहमीची. लोक हवेला बघून कपडे घालतात. पडतात पाण्यात.

थंड पाण्यात अचानक पडल्यावर माणूस हळूहळू गारठून मरतो, असे बहुतेकांना वाटते. टायटॅनिकच्या गोष्टीने हा समज पक्का केला. पण गारठून बेशुद्ध पडायला, अगदी बर्फाळ पाण्यातसुद्धा, बराच वेळ लागतो. खरा धोका पहिल्या मिनिटाचा. त्वचेचे तापमान एकदम खाली आले की तिथल्या थंडीच्या संवेदकांकडून मेंदूला एकाच वेळी प्रचंड संदेश जातात. छाती आपोआप आ वासून एक मोठा श्वास ओढते, दोन-तीन लिटरचा. त्यावर आपला ताबा नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर आत जाते ते पाणी. पुढचे एक-दोन मिनिट श्वास धापा टाकल्यासारखा चालतो, नाडी धावते, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसल्याने रक्तदाब चढतो. वैद्यकात याला 'कोल्ड शॉक' म्हणतात. पाणी १५ अंशांच्या खाली गेले की तो जोरात जाणवतो आणि त्यासाठी बर्फाची गरज नसते.

आता हाच माणूस कयाकसह उलटा झाला आहे अशी कल्पना करा. कंबरेभोवती पाणी आत येऊ न देणारे कापड घट्ट बसवलेले, पाय नावेत, डोके समुद्रात. सीलची शिकार करणाऱ्या इन्युइट लोकांनी यावर उपाय शोधला होता : वल्ह्याचा एक फटका आणि कंबरेचा हिसका देऊन नावेसकट पुन्हा सरळ व्हायचे. शिकलेल्या माणसाला काही सेकंद पुरतात. पण एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्या माणसाला थंड पाण्यात दहा सेकंदही तो रोखता येईल याची खात्री नसते. पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी श्वास उरत नाही. तरणतलावात शंभर वेळा जमलेली गोष्ट इथे जमत नाही ती यामुळे.

त्यात कानाची भर. आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला डोके कुठे वळते आहे ते कळते. एका कानात गार पाणी शिरले की जवळच्या नलिकेतला द्रव थंड होऊन सरकतो आणि डोके स्थिर असतानाही ते गरगरते आहे असा खोटा निरोप मेंदूला जातो. रॉबर्ट बाराणी यांनी हे कोडे उलगडले आणि त्यांना १९१४चे नोबेल मिळाले. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. कानाच्या डॉक्टरकडे चक्कर तपासताना कानात गार पाणी सोडतात ते याच तत्त्वावर. पाण्याखाली उलट्या लटकलेल्या माणसाला वर कुठे आणि खाली कुठे हे समजेनासे होते. टोपी आणि कानात बसवायचे बोळे ही म्हणूनच नुसती चैन नाही.

खांद्याचेही सांगून टाकतो. लाटेवर तोल सावरताना वल्हे डोक्याच्या वर आणि मागे गेले की खांदा निखळतो. कोपर अंगाशी ठेवा, एवढे पुरे.

मुलीला पोहता येते, या शिक्षकांच्या भरवशाचे काय? ब्रिटनमध्ये मायकेल टिप्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगले पोहणारे दहा जण. २५ अंशांच्या पाण्यात दहाही जण दीड तास पोहले. १८ अंशांत आठ. १० अंशांत पाच. दमून गेलेल्यांचे शरीराचे आतले तापमान काही प्राणघातक पातळीला गेले नव्हते. हातांचे स्नायू आणि नसा गार पडल्या होत्या. हात आखडता, घाईघाईने मारला जाऊ लागला होता आणि पाय खाली जाऊन शरीर पाण्यात उभे होऊ लागले होते.

कॅनडाचे गॉर्डन गीझब्रेक्ट यांनी हे सारे एका सोप्या सूत्रात बसवले आहे : एक-दहा-एक. थंड पाण्यात श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि गारठ्याने शुद्ध हरपण्याआधी एक तास. आकडे ढोबळ आहेत, क्रम मात्र पक्का. तो तास मिळतो कुणाला? पहिले मिनिट आणि नंतरची दहा मिनिटे ज्याचे तोंड पाण्याच्या वर राहते त्याला. म्हणून तरंगजाकीट बोटीत ठेवायचे नसते, ते अंगावर आणि बंद केलेले हवे. पडल्यावर लगेच पोहू नये. नाव हाताशी असेल तर धरावी, पाठीवर तरंगत श्वास शांत होण्याची वाट पाहावी. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय लोकांना हेच शिकवते. शिट्टी, रेडिओ, दोर, जे काही बोटांनी करायचे ते त्या दहा मिनिटांत.

शरीराला सवय लावता येते, हीदेखील चांगली बातमी. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडक्या, सोबतीला माणूस ठेवून, घेतल्या तर या धक्क्याचा जोर जवळपास निम्मा होतो आणि हा परिणाम काही महिने टिकतो. मात्र ज्यांना हृदयविकार, अनियमित ठोके किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आहे त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. थंडीचा धक्का हृदयाला पळवतो, तर तोंडावर गार पाणी आले की दुसरी प्रतिक्षिप्त क्रिया त्याला मंद करते. या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात.

शिक्षकांना मी एकच प्रश्न मुलीला विचारायला सांगितला : अंगात ड्रायसूट किंवा जाड वेटसूट घालतेस का, आणि तो पाण्याच्या तापमानानुसार निवडतेस की हवेच्या? पुढच्या खेपेला ते उत्तर घेऊन आले. ड्रायसूट होता, क्लबचा भाड्याचा. मानेपाशी थोडा सैल.

बाहेर काढलेल्या माणसाला, जमेल तिथे, आडवे ठेवूनच उचलावे. पाण्याचा दाब पायांवरून एकदम गेला की रक्तदाब कोसळतो आणि वाचलेला माणूस बोटीत येता येता शुद्ध हरपतो. त्याला उभे करून चालवू नये, हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण, वाऱ्यापासून आडोसा. पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पेय. आणि नाकातोंडात पाणी गेले असेल, खोकला थांबत नसेल किंवा धाप लागत असेल, तर "आता बरे वाटते" या त्याच्या म्हणण्यावर न जाता त्याला रुग्णालयात न्यावे. फुप्फुसाला सूज यायला काही तास लागू शकतात, तेवढा वेळ त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे.