जिज्ञासा : अध्ययनाची मूळ प्रेरणा

भारतीय राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश करण्यात आला. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि मानवतावाद यांच्या बरोबरीने शोधकबुद्धीचा विकास करणे हेही त्यांपैकी एक कर्तव्य होय. प्रश्न विचारणे आणि उत्तराचा शोध घेणे यांना घटनेने कर्तव्याचे स्थान द्यावे, ही लक्षणीय बाब आहे. तथापि, प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकाचा आणि पाठ केलेले उत्तर देण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची, ही विभागणी आपल्या अनेक वर्गांतून अद्याप नाहीशी झालेली नाही. म्हणूनच जिज्ञासेचे स्वरूप काय, ती कशाने वाढते आणि कशाने मावळते, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

उपजत प्रवृत्ती

जिज्ञासा मुलाला शिकवावी लागत नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अकरा महिन्यांच्या बालकांना काही विस्मयकारक दृश्ये दाखविण्यात आली. एका दृश्यात चेंडू भिंतीतून आरपार गेल्याचा आभास होता, तर दुसऱ्यात वस्तू आधाराविना अधांतरी राहिल्याचा. नंतर त्या वस्तू हाती दिल्यावर पहिल्या दृश्यातील बालकांनी चेंडू आपटून पाहिला, तर दुसऱ्या दृश्यातील बालकांनी वस्तू खाली टाकून पाहिली. ज्या बाबतीत अपेक्षाभंग झाला, नेमक्या त्याच बाबतीत त्यांनी जणू प्रयोग केला. बोलता न येणारे मूलही अनुभवातून अपेक्षा बांधते आणि ती चुकली की कारण शोधू लागते.

मग हे प्रश्न पुढे कोठे जातात? बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी लंडनमधील चार वर्षांच्या मुलींचे घरातील व बालशाळेतील संभाषण ध्वनिमुद्रित करून १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरी आईला तासाला सरासरी सव्वीस प्रश्न विचारणाऱ्या या मुली शाळेत तासाला जेमतेम दोन प्रश्न विचारत असत. मुलगी तीच, वयही तेच. बदलले होते ते केवळ वातावरण.

ज्ञान आणि अज्ञान यांमधील अंतर

जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते त्यांमधील अंतराची जाणीव होणे म्हणजे जिज्ञासा. या विवेचनातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्याला एखाद्या विषयाची काहीच माहिती नाही त्याला त्याविषयी प्रश्नच पडत नाहीत. आणि आपल्याला सर्व कळले आहे असे ज्याला वाटते त्यालाही ते पडत नाहीत. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्यालाच लोखंडी जहाज तरंगते याचे नवल वाटेल. म्हणजेच माहिती ही जिज्ञासेची वैरी नव्हे, तर तिचा पाया आहे. 'पाठांतर की जिज्ञासा' असा वाद घालताना ही बाब नजरेआड होते.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९२१ साली जहाजाने इंग्लंडहून परतत असताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांचे लक्ष वेधून घेतले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे स्पष्टीकरण त्यांना ज्ञात होते. परंतु परावर्तित प्रकाश वगळूनही निळाई कायम राहते, हे त्यांनी जवळच्या साध्या उपकरणाने पडताळून पाहिले. तेथून सुरू झालेला प्रकाशाच्या विकिरणाचा अभ्यास २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचला.

जिज्ञासेचा स्मरणाशीही निकटचा संबंध आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना असे आढळले की, ज्या प्रश्नांविषयी अधिक उत्सुकता होती त्यांची उत्तरे सहभागी व्यक्तींच्या अधिक लक्षात राहिली. एवढेच नव्हे, तर उत्तराची प्रतीक्षा करीत असताना दाखविलेले अनोळखी चेहरेही त्यांना अधिक चांगले आठवले. अशा वेळी मेंदूतील पारितोषिकाच्या अपेक्षेशी निगडित यंत्रणा आणि स्मरणाशी संबंधित भाग अधिक क्रियाशील असल्याचेही दिसून आले.

बक्षिसाची मर्यादा

मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. पुढील आठवड्यांत मोकळ्या वेळेतील निरीक्षणात, प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रकलेत रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. याचा अर्थ कौतुक करू नये असा नाही. पण आनंदाने केल्या जाणाऱ्या कामाचा सौदा झाला की त्यातील अंतःप्रेरणा क्षीण होते. केवळ गुणांसाठी अभ्यास करण्याची सवय लागलेला विद्यार्थी परीक्षा संपताच पुस्तक का मिटतो, याचे एक कारण येथे सापडते.

होशंगाबादचा प्रयोग

जिज्ञासेवर आधारित शिक्षण केवळ सधन शाळांतच शक्य आहे, हा समज आपल्याच देशातील एका उपक्रमाने खोटा ठरविला. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यात सोळा शासकीय माध्यमिक शाळांमधून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांचा त्यात पुढाकार होता. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढील जबाबदारी सांभाळली.

सहावी ते आठवीची मुले लहान लहान गट करून अल्पखर्चिक साहित्याने प्रयोग करीत, शेतशिवारात फिरून निरीक्षणे नोंदवीत आणि चर्चेतून निष्कर्ष काढीत. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात तयार उत्तरे नव्हती. परीक्षेत पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण कसोटी स्मरणाची नसून विचाराची होती. मुलांना पडणारे प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्राने कळविता येत आणि त्यांना उत्तरेही मिळत. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण आणि मासिक बैठकांची व्यवस्था होती. सर्व काही आपल्याला आलेच पाहिजे या दडपणातून मुक्त झालेला शिक्षकच 'आपण शोधून पाहू' असे म्हणू शकतो, हे त्यामागील सूत्र होते.

हा कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत पोहोचला. परंतु २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीन दशकांचा हा अनुभव दुहेरी धडा देतो. सामान्य सरकारी शाळेतील मुले शोधाच्या वाटेने विज्ञान शिकू शकतात, हा पहिला. परंतु पालकांचा विश्वास, पुढील इयत्तांच्या परीक्षापद्धतीशी सांधा आणि शासनाचा सातत्यपूर्ण पाठिंबा नसेल तर उत्तम प्रयोगही कायम टिकत नाही, हा दुसरा.

धोरणाकडून वर्गाकडे

धोरणात्मक पातळीवर दिशा स्पष्ट आहे. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच अनाकलनाचे ओझे हे दप्तराच्या ओझ्याहून घातक असल्याकडे लक्ष वेधले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे शिक्षणाचा व भयमुक्त वातावरणाचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही चिकित्सक विचार व अन्वेषणावर भर दिला आहे.

प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. पाठ सुरू करण्यापूर्वी मुलांना अंदाज बांधू देणे, त्यांचे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवणे, चुकीच्या उत्तरामागील तर्क ऐकून घेणे, या गोष्टींना वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. मात्र विचाराची कसोटी पाहणारी परीक्षा आणि शिक्षकाला पुरेसा अवकाश, या गोष्टी व्यवस्थेनेच द्यावयाच्या आहेत. मूल शाळेत येते ते प्रश्न घेऊनच. शाळा सोडताना त्याच्याजवळ अधिक चांगले प्रश्न असावेत, हीच शिक्षणाच्या यशाची खरी खूण मानावयास हवी.