सलग दुसऱ्यांदा कोणीच नाही

हिंगोली लोकसभा मतदारसंघाने 1989 नंतर एकाही खासदाराला सलग दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेले नाही. उत्तमराव राठोड 1980, 1984 आणि 1989 असे तीनदा निवडून आले, तेवढेच. पुढे 1991 ला विलासराव गुंडेवार, 1996 ला शिवाजी माने, 1998 ला सूर्यकांता पाटील, 1999 ला परत माने, 2004 ला परत सूर्यकांताबाई, 2009 ला सुभाष वानखेडे, 2014 ला राजीव सातव, 2019 ला हेमंत पाटील आणि 2024 ला नागेश पाटील आष्टीकर. नऊ निवडणुका झाल्या, पण गेल्या वेळचा माणूस या वेळी परत आला असे एकदाही घडले नाही. दर वेळी मतदारानेच त्याला घरी बसवले असेही नाही. 2019 ला सातव उभेच राहिले नाहीत. 2024 ला हेमंत पाटलांची जाहीर झालेली उमेदवारी पक्षाने काढून घेतली. तरी पस्तीस वर्षांचा हा हिशेब दुर्लक्ष करावा असा नाही.

निकाल लागला की मोठ्या शहरांतले विश्लेषक आमच्याविषयी लिहितात. त्यांच्या मते हा मतदार लाटेवर वाहतो, जात बघून शिक्का मारतो, त्याला विचार नाही. आमच्याच पुरोगामी वर्तुळातले काही जण आता तीच री ओढू लागले आहेत. मला हे मान्य नाही. हा मतदार दर वेळी जाब विचारत आला आहे. ज्या प्रश्नावर जाब विचारायचा तो प्रश्नच त्याच्यासमोरून उचलला गेला, आणि तो उचलणाऱ्यांत सगळे पक्ष आहेत. तो प्रश्न अनुशेषाचा.

त्यासाठी 1974 पर्यंत मागे जावे लागेल. गुजरातेत नवनिर्माण पेटले होते, बिहारात जयप्रकाश उभे राहत होते, आणि मराठवाड्यात विकास आंदोलन सुरू झाले होते. त्या आंदोलनाची सगळ्यात मोठी किंमत आमच्या वसमतने मोजली. पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी दगावले. मी तेव्हा कॉलेजात होतो. ती बातमी आली त्या दिवशी वर्ग आपोआप रिकामे झाले, कोणी हाक द्यावी लागली नाही. नोकऱ्यांत वाटा, शेताला पाणी, रुंद रेल्वेमार्ग, कारखाने, अशा मागण्या होत्या. आंदोलनाचे नेते गोविंदभाई श्रॉफ सभेत आकडे मांडायचे. मराठवाड्याला किती मिळायला हवे होते, किती मिळाले, राहिले किती. आवाज न चढवता बोलायचे, आणि हजारोंची सभा चूप बसून ऐकायची. अनंतराव भालेरावांच्या ‘मराठवाडा’ दैनिकात दुसऱ्या दिवशी तेच आकडे छापून यायचे, आणि गावातल्या पारावर कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. निजामाच्या राज्यातून सुटून पंचवीस-सव्वीस वर्षे झालेल्या मुलखाला हक्काची भाषा या माणसांनी शिकवली. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, म्हणून त्याने काही मागायचे नाही असा अर्थ होत नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

त्यातून पुढचे सगळे घडले. शंकरराव चव्हाणांच्या काळात 42 कलमी कार्यक्रम आला. 1984 ला वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने साऱ्या राज्याचा अनुशेष मोजला, तो 3,186 कोटींचा निघाला. घटनेच्या 371(2) कलमात विकास मंडळांची तरतूद 1956 पासून होती. ती प्रत्यक्षात यायला 1994 चा मे उजाडला. मंडळ आले तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत, पण तक्ते केले. सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून गावोगाव वाटले. या तालुक्यात सिंचनाखाली जमीन किती, राज्याची सरासरी किती, शाळेला खोल्या किती, दवाखान्यात खाटा किती. शाई हाताला लागायची ती दोन दोन दिवस निघायची नाही.

तक्त्यांचे काय होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पूर्णेच्या कालव्याच्या टेलला असलेल्या एका गावात प्रचारसभा होती. सिद्धेश्वर धरण आमच्याच जिल्ह्यात, पण त्याचे पाणी हेडवाल्यांना मिळते आणि टेलवाला पाणीपाळीची वाट बघत बसतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. उमेदवाराचे भाषण रंगात आले असताना एक म्हातारा उठला. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली माती त्याने व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवली. म्हणाला, “सायेब, ही आमच्या चारीतली माती. कोरडी ठणठणीत हाय. पाणी कव्हा येतंय तेवढं सांगा, बाकीचं मागून.” मग त्याने खिशातून आमचा तक्ता काढला आणि नातवाला वाचायला लावला. उमेदवाराला त्या गावात तासभर बसून उत्तरे द्यावी लागली. मी प्रचारसभा पुष्कळ पाहिल्या. प्रश्नोत्तरांची अशी सभा पुढे पाहायला मिळाली नाही.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. शिवसेनेच्या ‘खान की बाण’ या घोषणेची हवा औरंगाबादेहून इकडे आली आणि ठाण मांडून बसली. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. पाच तालुके, तीन आमदार, नवी कार्यालये. अकोला-पूर्णा मार्ग 2008 ला रुंद झाला. मुंबईला जाणाऱ्या गाडीची निवेदने मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे लिहावी लागली.

2014 च्या निकालावर थोडे थांबतो. मोदींच्या लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात दोनच जागा मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली. राजीव सातव 1,632 मतांनी निवडून आले. लाटेवर वाहणारा मतदार असे करत नाही. समोर घरचा माणूस होता, कळमनुरी तालुक्यातल्या मसोडचा, पंचायत समितीपासून वर चढलेला. संसदेत तो प्रश्न विचारायचा, आणि ते प्रश्न आमच्या कामाचे असायचे. 16 मे 2021 ला कोरोनानंतरच्या आजारपणात तो गेला. सत्तेचाळिसाव्या वर्षीच गेला. या जिल्ह्याच्या राजकारणाची ती हानी अजून भरून निघालेली नाही.

त्यानंतर जे सुरू झाले त्याने मन विटते. 2009 ला शिवसेनेचे खासदार झालेले आणि 2014 ला सेनेकडूनच सातवांशी लढलेले वानखेडे 2019 ला काँग्रेसचे उमेदवार होते. त्या वर्षी हेमंत पाटील 2,77,856 मतांनी आले आणि वंचितच्या उमेदवाराने पावणेदोन लाखांच्या घरात मते घेतली. 2024 ला लढत दोन शिवसेनांत, आणि दोन्ही मुख्य उमेदवार हदगाव तालुक्यातले. आष्टीकर लाखावर मतांनी जिंकले. लोकसभेला हरलेले बाबूराव कदम कोहळीकर नोव्हेंबरात हदगावचे आमदार झाले, हेमंत पाटील विधान परिषदेवर गेले. जाब विचारायला मतदार निघतो तेव्हा समोरचा माणूस दुसऱ्या पक्षाचा गमछा घालून आलेला असतो. मत बदलले तरी माणसे तीच, मग बदलायचे काय?

दरम्यान अनुशेषाचे काय झाले? विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. कोरोनाच्या धामधुमीत ते संपले आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा ठराव केला. 2016 ला आणि 2023 ला संभाजीनगरात मंत्रिमंडळाच्या बैठका झाल्या, हजारो कोटींचे आकडे जाहीर झाले. पण मोजायला मंडळच नसेल तर त्यातले किती आले हे कोणी सांगायचे? आमचे काही जाणते मित्र म्हणतात, अनुशेष हा जुना रडगाण्याचा विषय झाला, आता सामाजिक न्यायाचे बोला. माझे म्हणणे असे की टेलच्या शेतकऱ्याला पाणी न मिळणे हाच सामाजिक अन्याय आहे.

प्रश्न मोजायचे सोडले की माणसे मोजायला लागतात. 26 नोव्हेंबर 2023 ला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर ओबीसींची एल्गार सभा झाली. 6 जुलै 2024 ला मनोज जरांगे यांची मराठा आरक्षणासाठीची शांतता रॅली हिंगोलीतूनच निघाली. दोन्हीकडची गर्दी मी पाहिली. दोन्हीकडे तेच चेहरे, सोयाबीन विकून तोट्यात आलेले, पोराच्या नोकरीसाठी काळजीत पडलेले. 2025 ला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला, त्याच गॅझेटवर बंजारा समाज आदिवासींत समावेश मागतो, आणि कळमनुरीकडचा आंध समाज धास्तावला आहे. या मागण्यांमागचे दुःख खरे आहे. पण ज्या नोकऱ्या आणि जागा वाटायच्या त्या जिल्ह्यात आहेत किती, हे एकाही व्यासपीठावरून सांगितले गेले नाही.

त्याच नोव्हेंबर 2023 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगाव भागातल्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी, लिव्हर, डोळे विकायला काढल्याचे निवेदन दिले. दरपत्रकासकट. माणसाच्या अवयवांचे दरपत्रक! ते मुंबईला गेले तर पोलिसांनी ताब्यात घेतले. पाच महिन्यांवर लोकसभा होती. त्या दरपत्रकावर ज्या सभा व्हायला हव्या होत्या त्या झाल्या नाहीत. सोयाबीनचा हमीभाव 2024 ला 4,892 रुपये होता आणि मोंढ्यात बीट चालले होते त्याच्या कितीतरी खाली.

2024 च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या तिन्ही जागा महायुतीने घेतल्या. हिंगोलीला तानाजी मुटकुळे, कळमनुरीला संतोष बांगर, वसमतला राजू नवघरे. एप्रिलमध्ये एकीकडे आणि नोव्हेंबरात दुसरीकडे. लगेच आमच्यातल्या शहाण्यांनी निदान केले की बाया लाडक्या बहिणीच्या पंधराशेला विकल्या गेल्या. हे वाक्य ऐकले की मला संताप येतो. हळदीच्या वावरात दिवसभर वाकून खुरपणारी बाई हातात आलेल्या पहिल्या हक्काच्या पैशाला मोल देते, तर तिला विकली गेली म्हणायचा अधिकार पगारदार माणसाला कोणी दिला? तिला याहून जास्त काही देऊ करणारा कोणी तिच्या दारात गेला होता का?

जिल्ह्यात काहीच झाले नाही असे मी म्हणत नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होते आहे, 2023 ला केंद्राने 2,600 कोटी मंजूर केले. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे संशोधन केंद्र उभे राहत आहे. हिंगोलीला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. याचा मला आनंद आहे. आणि त्याच वसमत, कळमनुरीच्या शिवारातून मूळ आराखड्यात 802 किलोमीटरचा असलेला शक्तिपीठ महामार्ग न्यायचा घाट आहे, बागायती जमिनीतून. आम्ही जन्मभर पाणी मागितले, रस्ता मागितला नव्हता.

मार्च 2022 ला जिल्हा परिषदेची मुदत संपली तेव्हापासून प्रशासकाचा कारभार सुरू झाला. गावच्या माणसाने जिथे थेट जाऊन दरडावून विचारायचे ती जागाच बंद ठेवली गेली. 2025 ला न्यायालयाच्या आदेशाने स्थानिक निवडणुकांची चाहूल लागली. आम्ही काही जुने कार्यकर्ते पुन्हा तक्ते करायला बसलो आहोत. सायक्लोस्टाइलची जागा मोबाईलने घेतली, तेवढाच फरक. गटागटानुसार माहिती गोळा होते आहे. कोणत्या चारीला शेवटची पाणीपाळी कधी मिळाली, कोणत्या शाळेत किती वर्गांना एक गुरुजी, कोणत्या आरोग्य केंद्रात डॉक्टर राहतो. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्याकडून उत्तर लेखी घ्यायचे आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचे, असे ठरले आहे. सेनगाव आणि औंढ्यातून पोरे आली आहेत, कळमनुरीतून दोन मुली आल्या आहेत. वसमतच्या टेलची गावे अजून राहिली आहेत, तिकडे दिवाळीनंतर जायचे आहे.