रिकामी पुंगळी खरंच रिकामी असते का?

दिवाळीत घरी दौंडला गेले होते. मामाच्या मुलाने मोबाईल पुढे केला, "ताई, हे बघ." व्हिडिओत एका अमेरिकन माणसाचं गॅरेज होतं. जाडजूड लाकडी टेबल, त्यावर बोल्टने पक्का बसवलेला हाताने ओढायचा प्रेस, शेजारी छोटा तराजू, व्हर्नियर आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांनी भरलेला डबा. तो माणूस त्याच पुंगळ्यांमध्ये पुन्हा काडतूस भरत होता. तिथल्या बऱ्याच राज्यांत हा कायदेशीर छंद आहे.

आमचा हा भाऊ आयटीआय मशिनिस्ट आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट आहेत, त्यामुळे गावातली बरीच पोरं करतात तेच तोही करतो : पहाटे उठून भरतीसाठी पळतो. तो म्हणाला, "दारू-बिरू काही भरणार नाही गं. नुसतं टेबल आणि प्रेस बनवतो, पप्पांच्या शेडमध्ये. चॅनलवर टाकायला भारी होईल."

माझी पीएचडी धातूंना जाणाऱ्या तड्यांवर आहे आणि नमुने बहुतेक पितळेचे असतात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला "नको रे बाबा" एवढ्यावर सोडता येईना. ते नीट द्यायचा हा प्रयत्न.

आधी कायदा, थोडक्यात

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. पण माझ्या भावाला माहीत नव्हती ती गोष्ट कलम २ मध्ये आहे. तिथे 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे "नुसता प्रेस" ही पळवाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. ज्याला उद्या चारित्र्य पडताळणीला सामोरं जायचंय, त्याने हा व्हिडिओ बनवणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा अर्ज फाडणं.

पण कायदा सांगितला की समोरचा फक्त गप्प होतो, त्याला पटलेलं नसतं. म्हणून आता पितळेकडे येऊ.

पुंगळीचं काम काय?

आपल्याला वाटतं, पुंगळी म्हणजे दारू ठेवायची डबी. तिचं खरं काम गोळी सुटते त्या क्षणी असतं. आधुनिक रायफलीत त्या वेळी दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट जातो. आपल्या घरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त असतो. यावरून अंदाज करा.

हा दाब पितळ एकटं पेलत नाही, तो बंदुकीच्या पोलादी घराने पेलायचा असतो. पितळ फुगून त्या घराच्या भिंतीला चिकटतं आणि मागे यायची वाट बंद करतं, म्हणजे तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ते किंचित आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर निघते. या कामासाठी साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ वापरतात. ते खोल ओढून नळीसारखं करता येतं आणि ओढताना फाटत नाही.

आता गंमत बघा. फुगताना पुंगळी ताणली जाते. प्रेसमध्ये घालून तिला मूळ मापात आणलं की पुन्हा दाबली जाते. थंड धातूला असं वाकवलं, दाबलं, ठोकलं की तो कडक होतो आणि शेवटी तडकतो. पुण्यातल्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की ते भट्टीत तापवून मऊ करतात आणि मगच पुढचं काम करतात.

मग पुंगळीही तापवून मऊ केली की झालं? नाही. तिचा तोंडाकडचा भाग मऊ लागतो आणि बुडाकडचा कडक, कारण बूडच मागून वायू अडवतं. एकाच इंचभर तुकड्यात दोन वेगळे कडकपणे सांभाळायचे असतात. चुकून बूड मऊ झालं तर ते बाहेरून बघून कळत नाही, कळतं ते गोळी सुटताना.

घोड्यांचा तबेला आणि पावसाळा

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट भारतातलीच आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली असत. पावसाळा संपला की काही पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले सापडायचे. कोणी झाडल्या नव्हत्या, कोणी आपटल्या नव्हत्या. हे तडे पावसाळ्यातच दिसत, म्हणून त्यांना ऋतूवरून 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं.

कारण नीट सापडलं १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की दोषी आहे अमोनिया. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेतल्या ओलाव्यात विरघळतो आणि पितळेवर बसतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तो तांब्याशी संयुग करून ते विरघळवतो. प्रयोगशाळेत हे द्रावण सुंदर गडद निळं दिसतं.

पण एकटा अमोनिया पितळ हळूहळू गंजवेल, असा सरळ फोडणार नाही. त्याला जोडीदार लागतो, तो म्हणजे धातूत अडकलेला ताण. पुंगळीचं तोंड कारखान्यात दाबून अरुंद केलेलं असतं. दाबणारा हात गेला तरी तो ताण आत राहतो, पिळून ठेवलेल्या ओल्या फडक्यात पीळ राहतो तसा. अमोनिया बारीक चीर पाडतो, ताण ती उघडी धरतो, अमोनिया अजून आत शिरतो. अशा जोडीने तडा पुढे सरकतो.

उपायही यातूनच निघाला. कारखान्यातच पुंगळी कमी तापमानाला, साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला, ठरावीक वेळ ठेवायची. एवढ्या उष्णतेने कडकपणा फारसा जात नाही, पण अडकलेला ताण सैल होतो. आणि साठा कोरड्या जागी, जनावरांपासून लांब ठेवायचा.

इथे मी भावाला विचारलं, "पप्पांच्या शेडला लागून काय आहे?"

तो हसला. शेडची मागची भिंत गोठ्याची आहे. दुसऱ्या कोपऱ्यात युरियाची पोती. ओल लागली की युरियातूनही अमोनिया सुटतो. पावसाळ्यात त्या शेडमध्ये डोळे चुरचुरतात. शंभर वर्षांपूर्वीचा तबेला आमच्या मामाने न कळत जसाच्या तसा उभा केलाय!

तराजूचा प्रश्न

त्या व्हिडिओतला तराजू मला प्रेसपेक्षा जास्त भीतीदायक वाटला. बंदुकीची दारू जळते तेव्हा तिचा जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून थोडी जास्त दारू म्हणजे थोडा जास्त दाब, असं सरळ त्रैराशिक इथे चालत नाही. मोजमाप मिलिग्रॅममध्ये असतं, आणि आमच्याकडे पंख्याच्या वाऱ्याने सोन्याचा काटासुद्धा हलतो. शिवाय काडतुसाच्या टोपीत बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं. त्याची धूळ हाताला, कपड्यांना लागून घरात येते आणि त्रास सगळ्यांत जास्त लहान मुलांना होतो.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून हे काम करतोय. तिथे प्रत्येक टप्प्यावर तपासणी असते, कारण पुंगळी बाहेरून चकचकीत असली तरी आतला ताण डोळ्यांना दिसत नाही. घरच्या टेबलावर नेमकी तीच तपासणी नसते.

मग टेबल बनवायचं की नाही?

बनवलं की! शेडमध्ये नाही, पडवीत. त्यावर व्हाइस आहे, कानशी आहेत, निरनिराळ्या नंबरचा पॉलिश पेपर आणि एक भिंग. पहिला प्रयोग तुम्हीही करू शकता. जाड तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घ्या. एक तुकडा पुढे-मागे वाकवत राहा, तो दर वेळी जास्त जड जातो आणि शेवटी तुटतो. दुसरा तसाच वाकवा, पण कडक झाला की सांडशीत धरून गॅसवर लालसर होईपर्यंत तापवा, पाण्यात विझवा आणि पुन्हा वाकवा. तो लोण्यासारखा मऊ झालेला असेल. तुटलेलं तोंड भिंगाखाली बघा. मी रोज प्रयोगशाळेत जे बघते, त्याची ती पहिली पायरी आहे.

आणि एक विनंती. जुन्या पेटीत, माळ्यावर कधी आजोबांच्या वेळचं काडतूस सापडलं तर ते उघडू नका, घासू नका, तापवू नका. आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. त्याने किती पावसाळे गोठ्याशेजारी काढलेत, हे आपल्याला माहीत नसतं.

भावाने तारेचा व्हिडिओ बनवलाय. पहाटेचं पळणंही चालू आहे.