छपाई घरच्या घरी (भाग ४) : हाताला कोरडी, आतून ओली

जुलैतली रात्र. चिपळूणच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या घरात स्क्रीनवर इमल्शन चढते, पंखा सुरू होतो आणि घर झोपी जाते. सकाळी बोट लावून पाहिले तर थर कोरडा. स्क्रीनला उजेड दाखवला जातो, आणि मग नळाखाली धरताच डिझाइनबरोबर आजूबाजूचा थरही शेवाळासारखा निसटू लागतो. बोल लागतो तो बल्बला, नाहीतर ट्रेसिंगला. पावसाळ्यात मात्र आधी संशय घ्यावा तो खोलीतल्या हवेचा.

घरगुती इमल्शन बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि डायझो यांचे असते. प्रकाश पडला की पॉलिव्हिनाइलच्या लांबलांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि थर पाण्याला दाद देत नाही. थरात ओल उरली असेल तर ही गुंफण अर्धवट राहते. इमल्शनचे अर्ध्याहून अधिक वजन सहसा पाण्याचेच असते आणि ते वरून आधी उडते. दुधावर साय धरावी तशी वर कातडी धरते, खालचे पाणी अडकून पडते. बोटाला कळते ती फक्त साय.

म्हणूनच हेअर ड्रायर हा वाईट सल्ला आहे. तो साय झटपट धरतो आणि एकाच जागी उष्णता ओततो. डायझोला उष्णताही सोसत नाही. स्क्रीन ४० अंशांच्या पुढे तापू देऊ नये.

मग पंख्याने काय होते? पंखा हवा हलवतो, ओल कमी करत नाही. २८ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली २३ ग्रॅम आधीच भरलेली असते, स्क्रीनमधल्या पाण्याला जागा उरते चार ग्रॅमची. तीच हवा ३५ अंशांपर्यंत ऊबदार केली तर तिच्यात जवळजवळ ४० ग्रॅम मावतात आणि आर्द्रता ५८ टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच, जागा चौपट. त्याहून चांगला उपाय म्हणजे वाफच बाहेर काढणे: खिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’वर ठेवायचा किंवा डिह्युमिडिफायर लावायचा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आली की पंखा खऱ्या अर्थाने कामाला लागतो. छोटा डिजिटल आर्द्रतामापक महागडा नसतो, आणि घरी छापणाऱ्याने नव्या शाईच्या आधी तो घ्यावा.

स्क्रीन आडवी ठेवायची, कागदाला टेकणारी बाजू खाली, चार कोपऱ्यांना ठोकळे. ओला थर खाली उतरून त्या बाजूला जमतो आणि छपाईची कड स्वच्छ येते. खोलीत उजेड पिवळाच हवा.

वाळली की नाही, हे ठरवायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोटिंग होताच वजन करून फ्रेमवर पेन्सिलीने लिहावे आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा करावे. काटा उतरत असेपर्यंत पाणी उडते आहे. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला की थांबावे, मात्र त्या वेळी आर्द्रताही कमी असायला हवी, कारण दमट खोलीत उरलेली ओल जागची हलतच नाही. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा असेल तर उत्तम. लाकडी फ्रेम स्वतःच पाणी पिते, त्यामुळे तिचे वजन फसवते. ही परीक्षा अॅल्युमिनियमच्या फ्रेमवरच भरवशाची. वाळलेली स्क्रीन लगेच वापरायची नसेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह काळ्या पिशवीत घट्ट बांधावी, कारण उघड्यावर ती पुन्हा ओल ओढते.

डायझोऐवजी बायक्रोमेट वापरणाऱ्यांसाठी वेगळी ताकीद. त्याचा थर अंधारातही हळूहळू कडक होत जातो, त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही. शिवाय त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. ज्या घरात मुले वावरतात आणि मोरीत भांडी घासली जातात, तिथे ते आणूच नये.

उजेड किती वेळ दाखवायचा, हे पुढच्या आठवड्यात. तोवर वाचकांनी एक स्क्रीन वजन करून वाळवावी आणि तिचे आकडे जपून ठेवावेत; पुढच्या भागात ते लागणार आहेत.