तारेवरचा आवाज आणि इंटरनेटवरचा आवाज

दूरच्या माणसाशी बोलता येणे ही आज नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. परदेशी नोकरीला गेलेला मुलगा रोज रात्री मोबाईलच्या पडद्यावर आईशी बोलतो आणि त्या बोलण्याचे वेगळे बिल येत नाही. हे फुकट कसे, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा की, जे फुकट मिळते त्यावर अडचणीच्या वेळी कितपत विसंबावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतील तर जुना दूरध्वनी आणि इंटरनेटवरील दूरध्वनी यांतील मूलभूत फरक समजून घेतला पाहिजे. तो फरक सोप्या भाषेत सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

जुन्या दूरध्वनीची रचना

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. प्रारंभी केंद्रात बसलेला ऑपरेटर हाताने दोन तारा जोडून देत असे. पुढे हे काम यंत्राकडे आले. आपल्या देशात ऑपरेटरच्या मदतीवाचून दुसऱ्या शहरात थेट फोन लावण्याची सोय, म्हणजेच एस.टी.डी., १९६० साली लखनौ व कानपूर या दोन शहरांमध्ये प्रथम सुरू झाली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने धूळ, उष्णता आणि अपुरी वीज सहन करणारी लहान ग्रामीण केंद्रे तयार केली. त्यानंतर एस.टी.डी., पी.सी.ओ.चे पिवळे फलक गावोगावच्या नाक्यांवर दिसू लागले.

या सर्व काळात यंत्रे बदलली, परंतु तत्त्व एकच राहिले. आपण नंबर फिरवला की आपल्या घरापासून समोरच्या घरापर्यंत एक पूर्ण मार्ग आपल्यासाठी राखून ठेवला जाई. रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत तो मार्ग दुसऱ्या कोणालाही मिळत नसे. वऱ्हाडाने आख्खी एस.टी. ठरवावी तसाच हा प्रकार होय. गाडीत वीस जागा मोकळ्या राहिल्या तरी भाडे पूर्ण गाडीचेच द्यावे लागते. बोलताना एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, मध्ये दोघेही थांबतात. त्या शांततेचेही पैसे मोजावे लागत. अंतर जितके जास्त तितका राखून ठेवलेला मार्ग लांब, म्हणून दरही जास्त. रात्री उशिरा दर सवलतीचे होत, तेव्हा बूथसमोर रांग लागे, हे अनेक सभासदांना आठवत असेल.

इंटरनेटवर आवाज कसा जातो?

इंटरनेटची मूळ कल्पना १९६० च्या दशकात पुढे आली. अमेरिकेतील पॉल बॅरन आणि ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे असा विचार मांडला की, संपूर्ण मार्ग राखून ठेवण्याऐवजी संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता व क्रमांक लिहावा आणि मिळेल त्या मार्गाने तो पाठवावा. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. म्हणजे वऱ्हाडाने आख्खी गाडी ठरवली नाही. प्रत्येकाने आपले तिकीट काढले आणि मिळेल त्या गाडीने सर्व जण मांडवात पोहोचले. एकाच रस्त्यावरून हजारो वऱ्हाडे जात असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च अत्यल्प होतो.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे गणित देत आहे. दूरध्वनीत मानवी आवाजाची दर सेकंदाला ८००० वेळा मोजणी केली जाते आणि प्रत्येक मोजणी ८ बिटमध्ये लिहिली जाते. ८००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे माप जुन्या डिजिटल केंद्रांतही हेच होते. आता हाच आवाज इंटरनेटवर पाठवायचा तर बहुधा सेकंदाचे ५० भाग करतात. प्रत्येक भागात १६० बाइट आवाज येतो. त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ इत्यादी माहितीचे सुमारे ४० बाइट चढतात. म्हणजे एक पॅकेट २०० बाइटचे झाले. सेकंदाला अशी ५० पॅकेटे, म्हणजे १०,००० बाइट. मिनिटाला ६ लाख बाइट. दोन्ही बाजूंचे मिळून मिनिटाला सुमारे १२ लाख बाइट, म्हणजे साधारण सव्वा एम.बी. डेटा लागतो.

आवाज दाबून लहान करण्याच्या युक्त्याही आहेत. त्यांपैकी एका पद्धतीत सेकंदाला फक्त ८००० बिट पुरतात. तेव्हा एका पॅकेटात आवाज २० बाइट आणि पत्ता मात्र ४० बाइट! पत्रापेक्षा पाकीट जड, अशी ही अवस्था होय. तरीसुद्धा एकूण खर्च कमीच राहतो. व्हिडिओला मात्र याच्या कितीतरी पट डेटा लागतो.

आवाज तुटतो तो कशामुळे?

मांडवात सगळे वऱ्हाडी एकाच वेळी पोहोचत नाहीत. म्हणून यजमान थोडा वेळ थांबतो आणि मग पंगत बसवतो. आपल्या फोनमध्येही तसेच घडते. आलेली पॅकेटे क्षणभर थांबवून, क्रमाने लावून, मग त्यांचा आवाज केला जातो. परंतु फार थांबता येत नाही. बोललेला शब्द समोर पोहोचायला सेकंदाच्या सुमारे सातव्या भागापेक्षा अधिक वेळ लागू लागला की संभाषण अवघडते आणि दोघेही एकदम बोलू लागतात. म्हणून जे पॅकेट उशिरा येते त्याची पंगत चुकते. ते टाकून द्यावे लागते. शब्द तुटतो, आवाज यंत्रमानवासारखा होतो, त्याचे एक मोठे कारण हेच. लेखी संदेशाचे हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते, म्हणून तो उशिराने का होईना पूर्ण पोहोचतो. बोलण्याला तेवढी सवड नसते.

फुकट कॉल आणि कायदा

इस्रायलमधील व्होकलटेक या कंपनीने १९९५ साली इंटरनेटवरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मात्र त्यावरून बोलण्यास आपल्याकडे परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही मर्यादित. संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातील फोनवर बोलता येई. भारतातील साध्या फोनवर नाही. ती मोकळीक परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये मिळाली. दरम्यान २००३ साली स्काइप आले आणि २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय झाली. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. १८८२ पासून चालत आलेल्या दूरध्वनी सेवेच्या तुलनेत हे आयुष्य किती छोटे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

देशोदेशीचे नियमही वेगळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत आपले हजारो कामगार आहेत. तेथे व्हॉट्सॲपच्या कॉलवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिले आणि परवानगी असलेलीच ॲप वापरावी लागली. तेव्हा फुकट कॉल ही सर्वत्र हमखास मिळणारी वस्तू आहे, असे समजू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाईलवरून नंबर लावून केलेला साधा कॉलसुद्धा आज पुष्कळदा पॅकेटांतूनच जातो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात तर आवाज नेण्याची जुनी पद्धत नव्हतीच. मग तो कॉल आणि व्हॉट्सॲपचा कॉल यांत फरक काय? फरक असा की, कंपनी आपल्या स्वतःच्या जाळ्यात साध्या कॉलच्या पॅकेटांना पहिला मान देते आणि त्या सेवेला परवान्याच्या अटी लागू असतात. ॲपची पॅकेटे इतर सर्व गर्दीबरोबर चालतात. पहिली गाडी वेळापत्रकाची. दुसरी मिळेल ती.

अडचणीच्या वेळी काय?

तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला वीज थेट दूरध्वनी केंद्रातून, तेथील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून मिळते. म्हणून घरातील दिवे गेले तरी तो चालतो. फायबरवरील फोनचे तसे नाही. त्याची पेटी घरातील विजेवर चालते. वीज गेली की इन्व्हर्टर नसल्यास फोनही गेला. ब्रिटनमध्ये जुने जाळे बंद करण्याची डिसेंबर २०२५ ची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. एकटे राहणारे वृद्ध मदत मागण्यासाठी जी उपकरणे वापरतात ती जुन्या तारेवर अवलंबून होती, हे त्यामागील एक मोठे कारण होते.

दुसरी गोष्ट तातडीच्या मदतीची. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठी असलेला ११२ हा क्रमांक साध्या कॉलनेच लावावा लागतो. व्हॉट्सॲपवरून तो लागत नाही. रिचार्जमधील डेटा संपला, किंवा प्रशासनाने एखाद्या भागात इंटरनेट तात्पुरते बंद केले, तर ॲपचे कॉल थांबतात. साधे कॉल बहुधा चालू असतात.

तिसरी गोष्ट ओळखीची. जुन्या फोनचा नंबर पत्त्याशी बांधलेला असे. इंटरनेटवरून येणाऱ्या कॉलमध्ये दिसणारा नंबर आणि दिसणारे छायाचित्र दोन्ही बनावट असू शकतात. परदेशातून येऊनही भारतातील नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. तरीही गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर येणारे भामटे ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटतात. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. कोणतेही पोलीस ठाणे व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की पैसे मागत नाही. फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

इंटरनेटच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या तारेवरचे बोलणे मध्येच तार जोडून ऐकता येत असे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सर्व संभाषण कुलूपबंद केले असून त्याची किल्ली दोन्ही टोकांच्या फोनमध्येच असते. मात्र समोर भामटाच बसला असेल तर हे कुलूप आपले रक्षण करू शकत नाही.

सारांश

जुन्या दूरध्वनीत पैसे जास्त पडत, पण त्या पैशांत राखीव मार्ग, केंद्रातील वीज आणि मदतीचा क्रमांक या सर्व गोष्टी येत. इंटरनेटने अंतराचा दर पुसून टाकला. ज्यांना महिन्यातून एकदा तीन मिनिटे बोलणेही परवडत नव्हते अशा कुटुंबांवर हे मोठेच उपकार झाले. परंतु विजेची सोय, डेटाची शिल्लक आणि समोरच्या माणसाची खातरजमा ही जबाबदारी आता आपल्याकडे आली आहे. ती पार पाडण्यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक घरात व्हाव्यात.

१. वृद्धांच्या फोनमध्ये साध्या कॉलचा रिचार्ज संपू देऊ नये, मग ॲप कितीही चांगले चालत असो.
२. ११२, १९३० आणि जवळच्या दोन नातेवाइकांचे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावावेत.
३. ओळखीच्या नावाने पैशांची मागणी आली तर तो कॉल बंद करून आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर स्वतः साधा फोन लावावा.
४. घरात फायबरचा फोन असल्यास त्याच्या पेटीला बॅटरीची जोड द्यावी.

विद्यार्थ्यांनी हे तंत्र स्वतः समजून घ्यावे आणि आपल्या वस्तीतील किमान पाच वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. शिकलेल्या माणसाचे ज्ञान शेजाऱ्याच्या अडचणीत उपयोगी पडले, तरच ते शिक्षण सार्थकी लागले असे म्हणता येईल.