बाभुळगावात बाभळी किती?

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून मावसभाऊ येतो. दोन दिवस आंबे, बर्फाचे गोळे, गच्चीवरची झोप. तिसऱ्या दिवशी सकाळी तो विचारतो, "तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?"

बाभुळगावचा पोट्टा मान खाली घालतो. "काही नाही बे. काटे आहेत."

उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त मान खाली घालायची गरज नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावानं आपल्या नावातच एक झाड जपलंय. आजी 'ळ'चा 'य' करून 'बाभूयगाव' म्हणते, तरी झाड तेच. आता खरं सांगा, ते झाड जवळ जाऊन तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं? काटा पायात मोडला तेव्हा? ते पाहणं नव्हे!

चला तर, चपला घाला. जाड तळव्याच्या.

बाभळीची कोवळी फांदी निरखून पाहा. काटे जोडीनं असतात. पान जिथे फुटतं, तिथे दोन्ही अंगांना एकेक. हे असं का? गुलाबाच्या पानाच्या देठाशी दोन छोटी हिरवी पाती चिकटलेली असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात. बाभळीनं या उपपर्णांचेच काटे केलेत. गुलाबाच्या काट्याची गोष्ट निराळी. तो नुसता सालीवरचा उंचवटा, अंगठ्यानं ढकलला की टचकन निघतो. बोगनवेलीचा काटा म्हणजे तर रूप बदललेली फांदी. पायाला तिघेही सारखेच टोचतात, पण तिघांचं कूळ वेगवेगळं.

काटे कोणासाठी, हे बकरीला विचारा. लहान बाभळीवर लांब पांढरे काटे खच्चून भरलेले दिसतात. झाड उंच झालं, बकरीचं तोंड पोचेनासं झालं, की वरच्या फांद्यांवर काटे पुष्कळदा कमी होतात. बकरी तरीही अरुंद तोंड आणि चपळ ओठ वापरून काट्यांमधली पानं अलगद काढून खातेच. आणि उन्हाळ्यात, वावरात गवताची काडी उरलेली नसते तेव्हा, हीच बाभूळ तिच्यासमोर शेंगा टाकते. मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या, वाळल्या की खुळखुळ वाजणाऱ्या. बकरी शेंग खाते. त्यातलं टणक बी तिच्या पोटातून फिरून लेंडीबरोबर दूर कुठल्या तरी धुऱ्यावर पडतं आणि पावसात रुजतं. म्हणजे पानं वाचवायची बकरीपासून, आणि पोरं फिरायला पाठवायची बकरीबरोबरच!

पण बाभळीची सगळ्यात भारी गंमत जमिनीखाली आहे. झाड उपटायची गरज नाही. घरी विचारून सोयाबीनचं एक रोप मुळासकट काढा. पीक फुलावर असताना काढलं तर उत्तम. सोयाबीन आणि बाभूळ एकाच कुळातले, शेंगावाले. मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत चक्क गुलाबी!

वनस्पतीच्या पोटात हा रंग आला कुठून? आपल्या रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन तुम्हाला माहीत आहे. त्याचाच एक नातलग या गाठीत राहतो. गाठीत जिवाणूंची वस्ती असते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो झाडांना थेट खाता येत नाही. हे जिवाणू तो पकडून झाडाला चालेल अशा रूपात देतात. त्यांचं हे यंत्र मात्र जास्त ऑक्सिजन लागला की बिघडतं. म्हणून तो गुलाबी नातलग ऑक्सिजनला धरून ठेवतो आणि मोजून-मापून सोडतो. बदल्यात झाड जिवाणूंना साखर पुरवतं. खताची पिशवी न आणता बाभूळ कशी वाढते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बाकीचं अर्धं म्हणजे आपली काळी माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर पसरले. तो खडक झिजून ही माती झाली. पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावातले रस्ते लाटांसारखे का होतात, भिंतींना तिरक्या चिरा का जातात, यामागेही बरेचदा हेच फुगणं-आकसणं असतं. रस्त्याच्या कडेला पाणी साचू दिलं तर डांबर कितीही घाला, खालची माती नाचणारच. त्यामुळे नालीत प्लास्टिक टाकून ती तुंबवणारा माणूस रस्ताही उखडतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता पावसाळ्यात विहिरीवर झुकलेली बाभूळ शोधा. (लांबून! विहिरीच्या काठावर नाही.) पिवळ्या गोंड्यांमध्ये सुगरणीची घरटी लोंबत असतील. जवळजवळ सगळं विणकाम नराचं. अर्धं घरटं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम. घरटी झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत, ते सूर्य बघून ठरवा. पुष्कळदा ती पूर्वेला सापडतात, कारण आपला पाऊस-वारा येतो नैर्ऋत्येकडून. तुमच्या विहिरीवर तसंच आहे का?

एक सावधगिरी मात्र हवी. काटे दिसले की ती बाभूळच, असं समजू नका. फूल लांबट, शेपटासारखं आणि शेंग चपटी, पिवळट असेल, तर ती वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात भारतात आणली आणि मग आवरेना. हसू नका, कारण आपल्या गुणी बाभळीनंही ऑस्ट्रेलियात जाऊन हेच केलंय. सावली आणि चारा मिळेल म्हणून तिला क्वीन्सलँडला नेलं. गुरांनी शेंगा खाल्ल्या, बी पसरवलं, आणि मैलोन्‌मैल गवताळ रानं काट्यांनी भरली. तिथे ती देशातल्या सगळ्यात त्रासदायक तणांच्या यादीत आहे. झाड तेच, पण इथे तिची बैलगाडी झाली, वखर झाला, डिंकाचा लाडू झाला. तिथे नुसती डोकेदुखी.

आणि आपल्याकडे? धुऱ्यावरची बाभूळ तुटली तर कोणी हळहळत नाही. वाढदिवसाला कुंडीतलं शोभेचं झाड आणणाऱ्या गावात गावाच्याच नावाची झाडं मोजलेली नाहीत, हे मला बरं वाटत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, तेव्हा बाभळीखाली आणि टिनाच्या छपराखाली एकेक तापमापक टांगून पाहा. मग म्हैस कुठे बसते आणि का, ते कळेल. शाळेच्या खेळाच्या मैदानात बाभूळ लावा असं मी म्हणणार नाही, तिथे कडुनिंब बरा. पण पांदणीच्या कडेला, बेंबळा प्रकल्पाकडे जाणाऱ्या वाटांवर, पडीक तुकड्यांवर तिला जागा आहे.

लावण्याआधी मोजा. चौघे-पाच जण मिळून एक वही करा. बाभूळ कुठे, वेडी बाभूळ कुठे, घरटी किती, कोणत्या झाडाचा डिंक निघतो, आजी तिच्या सालीचं काय करायची. बाभुळगावला आता नगरपंचायत आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं एक लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती लोकांनीच माहिती सांगून भरायची, यासाठी शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी खूप कष्ट घेतले. तुम्हीही लोकच आहात. वही भरली की गुरुजींना किंवा बाईंना घेऊन नगरपंचायतीत जा आणि विचारा, "आमच्या गावाची नोंदवही दाखवा, तिच्यात बाभूळ आहे का?"

नसेल, तर तुमची वही पुढे करा. आणि मावसभाऊ पुन्हा आला की त्याला मोजणीला न्या. जाड चपला द्यायला विसरू नका.